मस्टरवरचा नववा माणूस

शनिवार, ४ मार्च १९७८, दुपारी दोन. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये पद्मजा देवस्थळीने कामगारांचं मस्टर उघडलं आणि नावं मोजली. नऊ भरली. ऑफिसच्या काचेपलीकडे लेथवर पाच जण होते, आणि साडेतीनच्या पाळीला तिघे यायचे होते. म्हणजे आठ.

तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. एखादा रजेवर असेल.

पद्मजा पिंपरीच्या एका कॉलेजात अकरावीला बुककीपिंग शिकवायची. छोटे धंदेवाले कुठे चुकतात ते ती दर जूनमध्ये फळ्यावर लिहून द्यायची. घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एका पाकिटात ठेवू नये. पावतीशिवाय खर्च टाकू नये. नोंद त्याच दिवशी करावी, महिनाअखेरीला आठवून करू नये. पैसे देणारा आणि ते लिहिणारा एकच माणूस नसावा. मुलं हे परीक्षेपुरतं पाठ करायची. तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात यातली एकही गोष्ट पाळलेली नव्हती, हे तिला त्या दुपारी पहिल्या तासाभरातच कळलं.

कारखान्याचं नाव सुनंद इंजिनिअरिंग. सुरेंद्रमधला ‘सु’ आणि नंदकिशोरमधला ‘नंद’. दोघांनी मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या सोडून एकाहत्तर साली हे सुरू केलं. सहा लेथ, स्कूटरला लागणारी बुशं, दोन पाळ्या. आता सातवं मशीन घ्यायचं होतं आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. तारण म्हणून संत तुकाराम नगरमधलं घर मागत होती. घर पद्मजाच्या नावावर होतं. वडिलांच्या मागे आलेल्या पैशातून घेतलेलं. सही करण्याआधी हिशेब बघू द्या, एवढंच तिने म्हटलं होतं. सुरेंद्र हसून म्हणाला होता, “बघ की. तुझ्यापासून काय लपवायचंय?”

पहिल्या पाळीचा मिस्त्री रंगराव हात पुसत आत आला, तेव्हा तिने सहज विचारलं, “हा ज्योतीराम भिवा गायके कोण हो?”

“ज्योतीराम? त्यो दुसऱ्या पाळीला अस्तो, बाई.”

“कामाला कसा आहे?”

“हाताला साफ हाय. माझी काय गाठ पडत न्हाई. पर सकाळच्याला कोपऱ्यातलं मशीन कोमट असतंय. माणूस राबतो म्हनायचा.”

साडेतीनला दुसरी पाळी आली. तिच्यातला जुना माणूस भीमराज, लातूरकडचा. पद्मजाने त्यालाही विचारलं.

“ज्योतीराम पहिल्या पाळीचा ना? आमी यायच्या आत निघून जातो तो.” भीमराज हसला. “मालकाच्या मर्जीतला असंल. आजवर शिव्या खाताना दिसला नाही.”

दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. सकाळी सातपर्यंत शेडला कुलूप असायचं. पद्मजाने हे मनात नोंदवलं आणि मस्टर मिटलं.

संध्याकाळी घरी सुरेंद्र बनियनवर बसून रेडिओचा सेल बदलत होता. तिने नाव घेतल्यावर त्याने मान वर केली नाही.

“असा कोणी नाहीच,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“अगं, ट्रकवाल्याला द्यावे लागतात, वायरमनला द्यावे लागतात. तपासायला येतात त्यांचं चहापाणी. पावती कोण देणार? म्हणून बहात्तर साली एक नाव वाढवलं मस्टरवर. त्याच्या पगाराची रोकड निघते, ती वापरायची. अर्धी भोसरी हेच करते, पद्मे.”

“मग त्याचा पगार किरकोळ खर्चात जमा दिसायला हवा. सहा वर्षांत एकदाही दिसत नाही.”

“पाकीट नंदू ठेवतो. त्याच्या खणात.”

“आणि ट्रकवाल्याला कोण देतं?”

“मीच. खिशातले.”

“ते परत घेतोस?”

सुरेंद्रने सेल बसवला, झाकण लावलं. “नंदूला काय विचारायचं? सोळा वर्षांची मैत्री आहे. त्याला गरज असेल म्हणून घेत असेल.”

“आणि अंगठा? दर महिन्याला रेव्हेन्यू तिकिटावर अंगठा आहे.”

“पहिल्या महिन्यात गंमत म्हणून मी कोपर टेकवलं होतं. पुढे नंदूच काहीतरी करतो.”

रविवारी ती पुन्हा शेडवर गेली. वसाहतीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे मशीनं चालू होती. लेथवर सोडतात त्या थंडपाण्याचा आंबूस वास, तापलेल्या लोखंडाचा वास. तिने कॉलेजातून आणलेलं भिंग काढलं आणि पगारपत्रकं ओळीने लावली.

पहिला ठसा खरंच कोपराचा असावा. नुसता जांभळा डाग. त्यानंतरचे काही महिने गोल, गुळगुळीत ठसे होते. आकार अंगठ्याचा, पण त्यात एकही रेघ नव्हती. त्र्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमारास मधोमध एक बारीक वळण दिसायला लागलं. पंचाहत्तरपर्यंत रेघा भरत गेल्या. शहात्तरच्या मे महिन्यापासून ठशाला आडवी चीर होती. पत्रा लागल्यावर पडते तशी. पुढच्या महिन्यात ती चीर थोडी रुंद, त्याच्या पुढच्या महिन्यात भरत आलेली, आणि मग कायमचा पांढरा वण.

तिने भिंग खाली ठेवलं आणि उत्पादनाची कार्डं काढली. कोणी रोज किती बुशं काढली ते त्यावर लिहिलेलं असायचं. ज्योतीरामच्या नावाची कार्डं सुरेंद्रच्या अक्षरात होती.

“ही तू भरतोस?” तिने त्याला हाक मारून विचारलं.

“महिनाअखेरीला. बाकीच्यांची बेरीज करायची, आणि कंपनीला पाठवलेल्या मालातून वजा करायची. उरतात ती त्याच्या नावावर टाकतो.”

“उरतात कुठून?”

“काय?”

“आठ माणसांनी काढलेली बुशं आठांच्या कार्डांवर आहेत. मग वर उरतात कुठून, सुरेंद्र?”

तो म्हणाला, “मोजण्यात चुकत असतील.” आणि बाहेर गेला.

मंगळवारी, सात तारखेला, पगार झाले. पद्मजा कॉलेज आटोपून मुद्दाम आली होती. ज्योतीरामचं पाकीट तिने स्वतः भरलं, पगारपत्रकासकट लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दुसरी किल्ली कुठे आहे ते तिने दोघांनाही वेगवेगळं विचारलं. सुरेंद्र म्हणाला नंदूकडे. नंदकिशोर म्हणाला, “सुरेंद्रकडे. पहिल्यापासून.”

बुधवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा पाकीट नव्हतं. तिकिटावर अंगठा होता, वणासकट. तिने बोट लावून पाहिलं. शाई बोटाला लागली.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी नंदकिशोर आगटे घरी आला. त्याला बोलावलं पद्मजानेच. चिंचवडगावात राहायचा, सायकलवर यायचा, आणि आल्यावर हक्काने स्वयंपाकघरात डोकावून ‘आज काय आहे वहिनी’ विचारायचा. त्या दिवशीही त्याने विचारलं. पद्मजाने खुर्ची दाखवली, तेव्हा तो तिच्या कडेवर बसला.

पद्मजाने आकडा सांगितला. सहा वर्षांचे मिळून पंधरा हजारांच्या घरात.

“पण ते सुरेंद्र घेतो,” नंदकिशोर म्हणाला. “मला वाटायचं, घरखर्चाची ओढ होते त्याची. म्हणून मी कधी बोललो नाही.”

“मी घेतो?” सुरेंद्रचा आवाज चढला. “तुझ्या खणात असतं पाकीट!”

“माझ्या खणात? तू बॅगेत टाकताना मी पाहिलंय.”

“पाहिलंयस? डोळ्यांनी?”

नंदकिशोर अडखळला. “म्हणजे… तसंच वाटायचं मला.”

“नाव तुझंच होतं, नंद्या. ज्योतीराम गायके. तू सुचवलंस, मी लिहिलं.”

“काय बोलतोस? तू येऊन सांगितलंस मला. म्हणालास, नाव मिळालंय.”

“मिळालंय? कुठून मिळालंय?”

“ते मला काय माहीत!”

दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. पद्मजाने वर्गात कॉपी पकडलेली मुलं पाहिली होती. खोटं बोलणारा कुठे बघतो ते तिला ठाऊक होतं. हे दोघे तिकडे बघत नव्हते. म्हणून तिने सोपा मार्ग धरला. शाईचं पॅड आणि कोरा कागद पुढे ठेवला.

सुरेंद्रने अंगठा उठवला. नंदकिशोर पॅडकडे बघत राहिला.

“वहिनी, तुम्ही हिशेब तपासताय की मला?”

“दोघांनाही,” ती म्हणाली.

त्याने अंगठा दाबला. रुमालाने पुसला. रुमाल तिथेच टेबलावर टाकला आणि सायकल घेऊन निघून गेला. दोन्ही ठशांवर वण नव्हता. वळणंही वेगळी होती.

सोमवारी त्याचं पत्र आलं: एकतीस मार्चपासून भागीदारी संपवू. चाकणला एक गाळा बघितला आहे. बाकी काही नाही.

उरलेला मार्च ती रोज संध्याकाळी हिशेब घेऊन बसली. बँकेला वर्षअखेरीची स्वच्छ वही हवी होती. खोटी नोंद असली तर ती उलटी नोंद करून काढायची, हे तर तिच्या पुस्तकातल्या पहिल्या पानांवरचं. तिने ज्योतीरामला काढून सगळं पुन्हा मांडलं. माल जुळेना. वीज जुळेना. कटिंगचं तेल, हातपुसण्याचं कापड, टपरीवरच्या चहाचे कप, काहीच आठ माणसांचं होईना. त्याला परत घातलं की सगळं पैशापैशाला जुळायचं.

तिने हे सुरेंद्रला सांगितलं नाही. एकाच घरात राहून दोघं आता कामापुरतं बोलत होती. नंदकिशोरने पैसे खाल्ले नसतील तर सुरेंद्रने खाल्ले. सुरेंद्रने खाल्ले असतील तर ज्या माणसाच्या भरवशावर ती घर गहाण टाकणार होती तो सहा वर्षं तिच्यासमोर बसून जेवत होता आणि खोटं बोलत होता. तिसरी शक्यता तिला मांडता येत नव्हती.

एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला तिने मस्टर पुढे ओढलं. ज्योतीराम भिवा गायके या नावावर पट्टी ठेवून तांबड्या शाईने रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: काम सोडले.

सुरेंद्र दारात उभा होता. “झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“बरं झालं.” त्याने स्कूटरची किल्ली उचलली. “नंदूचा मायक्रोमीटर राहिलाय. देऊन येतो.”

तो घरी आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती जागी होती. त्याने दिवा न लावताच कपडे बदलले.

एप्रिलच्या तीन तारखेला फाटकाशी एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पायात चपला नाहीत. पहारेकऱ्याने आत आणून सोडली. ऑफिसात पद्मजा एकटीच होती.

“आमचे धनी घरला आले न्हाईत,” बाई म्हणाली. “कुठं पाठिवलंय त्यांना?”

“कोण धनी?”

“ज्योतीराम. हितं लेथवर हायेत की. सा वर्सं झाली.”

पद्मजाने खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही. तिचं नाव कस्तुरा. दुष्काळात परभणीकडून आलेली. नदीपलीकडे पिंपळे गुरवमध्ये एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून खोली होती त्यांची.

“कोणत्या पाळीला असतात ते?”

“दोनी पाळ्या. कवातरी पहाटंच्यालाबी. इतकं राबवता आन पगार एकाच पाळीचा देता. मी म्हनायची, भांडा. ते म्हनायचे, मालक देवमाणूस हाय, त्यांनीच उभं केलं मला.”

“दिसायला कसे आहेत?”

कस्तुराला प्रश्न कळला नाही. “माणसासारके हायेत. काय सांगू?”

“अंगठ्यावर…” पद्मजा बोलता बोलता थांबली.

“वण हाय. पत्रा लागला हुता. तवा तुमी रजासुदीक दिली न्हाई.”

काचेपलीकडे लेथ चालू होते. कोपऱ्यातलं मशीन बंद होतं. एक तारखेपासून ते थंड होतं. रंगरावने आपणहून येऊन सांगितलं होतं.

पद्मजाने पर्स उघडली. एका पगाराएवढ्या नोटा काढल्या आणि टेबलावरून पुढे सरकवल्या.

“पैसं नको,” कस्तुरा म्हणाली. “माणूस द्या.”

“शेवटचे कधी पाहिलेत त्यांना?”

“परवाच्या शुक्रवारी. सांज झाली हुती. मालक स्वता आलते स्कूटर घिऊन. म्हनले, चल ज्योतीराम, जरा काम हाय. हे मागं बसून गेले.”

“कोणते मालक?”

तेवढ्यात सुरेंद्र चलनाचे कागद घेऊन आत आला. कस्तुराने पदर सावरला.

“हे,” ती म्हणाली.

सुरेंद्रने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पद्मजाकडे. “कोण आहेत या?”

“तू पिंपळे गुरवला गेला होतास?”

“आयुष्यात गेलो नाही.”

कस्तुरा पद्मजाकडे वळून म्हणाली, “बाई, तुमी शिकल्याल्या हाय. माणूस ठिवायचा नव्हता तर सांगायचं हुतं. आमी दुसरीकडं गेलो असतो.”

ती गेल्यावर पद्मजाने नंदकिशोरच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला. त्याला बोलावून आणायला वेळ लागला.

“शुक्रवारी सुरेंद्र मायक्रोमीटर द्यायला आला होता का?”

“नाही.”

“रात्री उशिरा?”

“वहिनी, जानेवारीनंतर तो माझ्या घरी आलेला नाही. आणि मायक्रोमीटर माझ्यापाशीच आहे.” “अजून कोणाचा अंगठा हवाय का?”

संध्याकाळी सुरेंद्र म्हणाला, “मी नंदूकडेच गेलो होतो. चहा घेतला त्याच्याकडे. तो खोटं बोलतोय.”

“कशासाठी बोलेल?”

“ते तू मला विचारतेस?”

तो नजर चुकवत नव्हता. हेच तिला सहन होईना.

त्याच आठवड्यात चौकीतला हवालदार शेडवर आला. कस्तुराने तक्रार लिहून दिली होती. त्याने मस्टर मागितलं, तांबड्या रेघेवर बोट फिरवलं.

“माणूस एकतीसला काम सोडून गेला म्हणताय. राजीनामा?”

“नाही,” सुरेंद्र म्हणाला.

“सही? अंगठा?”

“नाही.”

“अक्षर कोणाचं हे?”

“माझं,” पद्मजा म्हणाली.

हवालदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. शिक्षिकेशी बोलताना माणसं बोलतात तसा तो जरा आदराने बोलला. “बाई, त्या संध्याकाळी हे घरी किती वाजता आले?”

लेथचा आवाज चालू होता. सुरेंद्र तिच्याकडे बघत नव्हता.

तिच्या घराची सही अजून झालेली नव्हती. नंदकिशोर गेला होता. कोपऱ्यातलं मशीन थंड होतं.

“साडेसातला,” ती म्हणाली.

हवालदाराने ते लिहून घेतलं. तिने खाली सही केली.

सुरेंद्रने तिला का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

आज जूनची वीस तारीख. तपास चालू आहे. पद्मजाने बँकेला कळवलं की सही करणार नाही. सातवं मशीन आलं नाही. नंदकिशोरचा चाकणचा गाळा सुरू झाला.

कस्तुरा अजून रोज येते. दुपारी बाराला फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली भाकरीचा डबा ठेवते आणि परत जाते. पहारेकरी शपथेवर सांगतो की डब्याला कोणी हात लावत नाही. सहाला ती घ्यायला येते तेव्हा डबा रिकामा असतो, आणि धुतलेला.

गेल्या सोमवारपासून सुरेंद्रने घरून डबा नेणं बंद केलं आहे. दुपारी भूक लागत नाही, म्हणतो.